हजेरीबाहेरचं पान

माझ्या पाचवीतली चाळीस मुलं ‘मी पाहिलेला समुद्रकिनारा’ हा निबंध एकाच गाईडवरून उतरवत. त्यांतल्या एकानेही समुद्र पाहिलेला नाही हे ठाऊक असून मी दहापैकी सात गुण देई. एके दिवशी माझीच मला चीड आली आणि वर्गाची वही सुरू झाली. रोज एकाने ती घरी न्यायची, आपल्या घरात घडलेलं पानभर लिहायचं आणि सकाळी परिपाठाला उभं राहून वाचायचं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. शाळा दिंडोरी तालुक्यातली. आसपासच्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा गटसंमेलनाला जमत. तिथे पूर्वी चहा आणि बदल्या एवढेच विषय असायचे. मी मुलांची पानं वाचून दाखवू लागले, तेव्हा आणखी चौघांनी आपापल्या वर्गात वही सुरू केली. मग आम्ही एकमेकांच्या वर्गातली मुलं त्यांच्या पानांवरून ओळखू लागलो. मला याचा भारी तोरा होता. मी सांगत असे, आमच्याकडे वशिला चालत नाही. पाटलाचं पोर असो की गड्याचं, वही हजेरीच्या क्रमानेच फिरते.

भात निघाला की सुरगाण्याकडची माणसं द्राक्षमळ्यांवर कामाला येत. त्यांची मुलं होळीपर्यंत आमच्या वर्गात मागच्या ओळीत बसत. नावं मात्र त्यांच्या गावच्या शाळेत. त्यांतली एक मुलगी एकदा टेबलापाशी येऊन म्हणाली, “बाई, वही आमचेकडं कदी येल?”

“नंबर लागेल तेव्हा,” मी खेकसले. ती जागेवर जाऊन बसली.

जेवायच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मी हजेरीपट उघडला. हजेरीत नावच नाही, तर तिचा नंबर लागणार कुठून? दिव्याखालीच अंधार होता, आणि दिवा मिरवत मी गावभर फिरत होते. होळी आठवड्यावर आली होती. मजुरांची जीप एकदा सुरगाण्याला निघाली, की तिचं पान कायमचं राहणार होतं.

सुट्टीनंतर मी वर्गासमोर चूक कबूल केली. आजपासून वही बसल्या ओळीने फिरेल, आणि ती मागून सुरू होईल, असं सांगितलं. माफी मागायचा माझा स्वभाव नाही. त्यामुळे मागतानाही मी ओरडतच होते. पुढे ही चूक गटसंमेलनात सांगितली, तेव्हा सगळ्यांच्याच वह्या हजेरीवर फिरत होत्या असं निघालं. त्यानंतर पाचही शाळांनी पद्धत बदलली.

पण त्या दिवशी मी सुरगाण्याच्या मुलीच्या हातात वही दिली, तशी पुढच्या ओळीतली एक मुलगी उठली. तिच्या वडिलांचा मोठा मळा होता. “बाई, आज माझा नंबर हाय. ती तर आपल्या वर्गातली नाय.”

“तुझा नंबर बुडला, म्हणून तू उद्या ने,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सुरगाण्याच्या मुलीने वाचलं. घडाला बोट लावायचं नाही, देठ धरायचा, नाहीतर मण्यांवरची पांढरी झाक पुसते आणि मुकादम आईला बोलतो. इथवर मुलं ऐकत होती. मग तिने पुढे वाचलं, “आमी ऱ्हातो त्या मळ्यातली पोर याच वर्गात हाय. मळ्यात आमी दोघी खेळतो. शाळेत ती माला वळखत नाय.”

कोण, ते सगळ्यांना कळलं. पुढच्या ओळीतल्या मुलीची मान खाली गेली. कबूल केल्याप्रमाणे वही तिला दिली खरी, पण मनात नाही नाही ते येत राहिलं. ती पान फाडील, नाहीतर बापाला शाळेत घेऊन येईल, आणि या दुसरीला उद्यापासून मळ्यातही कुणी बोलणार नाही. लिहा, खरं लिहा, म्हणून मीच तर मागे लागले होते.

सकाळी ती उभी राहिली. पानावर तीनच ओळी होत्या.

“काल वाचलं ते खरं हाय. घरी कुणी मला हे लिहायला सांगितलं नाय. ती माझी मैत्रीण हाय.”

मी फळ्याकडे तोंड केलं आणि उगाचच कालची तारीख पुसत राहिले. एवढी वर्षं शिकवलं, पण त्या दोघींचा वाटला तेवढा अभिमान मला पुन्हा कशाचाच वाटला नाही. एवढी मोठी असूनही मला स्वतःला तसं पान लिहिता आलं नसतं.