वहिनींचे टाके

वहिनींना समुद्र सोसत नसे. धक्क्यावर नुसतं उभं राहिलं तरी त्यांच्या पोटात ढवळायला लागायचं. तरी गेली बावीस वर्षं त्यांच्या हातचं काम अर्धा किलोमीटर खोल पाण्यात जात होतं. घरच्या बोटीवर हौशी मंडळी तलवारमासा धरायला जायची आणि गळाला लावायचं आमिष वहिनी घरी बसून शिवायच्या.

शिवायच्या म्हणजे चक्क सुईदोऱ्याने. तलवारमासा दिवसा तळाशी, अंधारात असतो. समोर भक्ष्य आलं की आधी त्याला तलवारीने सपकन हाणतो आणि मग सावकाश तोंडात घेतो. त्या फटक्याने आमिष सुटलं तर वरच्या माणसाने रिकाम्या गळाची राखण करत बसायचं. म्हणून माकूळ, म्हणजे स्क्विड, गळावर चढवायचं आणि बारीक टाक्यांनी गळाच्या दांडीला पक्कं करायचं. वहिनी मूळच्या शिवणकाम करणाऱ्या. नवऱ्याने पहिल्यांदा ते लिबलिबीत माकूळ पुढ्यात ठेवलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "याचं माप घेऊ, की नुसतं बेतू?" सहा वर्षांपूर्वी नवरा गेला. बोट धाकट्या दिरांकडे आली. स्वयंपाकघरातलं खिडकीजवळचं टेबल मात्र वहिनींकडेच राहिलं.

दीर मनाने चांगले, पण कौतुकाच्या बाबतीत हात भलताच आखडता. आमिष हातात घ्यायचे, उलटंसुलटं करायचे आणि म्हणायचे, "टाके फार जवळ झालेत, वहिनी." नाहीतर, "शेपटाकडे चुणी आलीय." त्याच आमिषावर दुपारी शंभर किलोचा मासा लागला तरी संध्याकाळी पुन्हा चुणीच आठवायची. वहिनींना याची इतकी सवय झाली होती की चुणी निघाली नाही तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आणि मग गेल्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला. सुईत दोरा ओवायला आधी दोन खेपा लागायच्या, मग दहा. खिडकीतला उजेडसुद्धा दुधाळ दिसायला लागला. वहिनींनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. आयतं शिवलेलं आमिष दुकानात मिळतं हे त्यांना ठाऊक होतं. एकदा ते घरात आलं की खिडकीजवळचं टेबल गेलं, आणि मग या घरात आपण फक्त जेवणापुरत्या उरणार, या विचाराने त्यांचा जीव अर्धा व्हायचा. त्या नुसत्या बोटांनी चाचपून शिवत राहिल्या.

आश्चर्य म्हणजे नेमकं त्याच दिवसांत दीर म्हणायला लागले, "छान झालंय, वहिनी." एकदा नाही, रोज! वहिनी मनात म्हणाल्या, बघा, हाताला सवय असली की डोळे हवेत कशाला? त्या सुमाराला दिरांची बोटं सारखी टोचलेली असायची. विचारलं की म्हणायचे, "गळ लागला." वहिनी पट्टी बांधून द्यायच्या आणि वर चार शब्दही सुनवायच्या. इतकी वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाला रोज गळ लागतोच कसा?

मग मास्तरांना मासा लागला. हे गणिताचे निवृत्त मास्तर अकरा वर्षं दरसाल यायचे आणि हात हलवत परत जायचे. या खेपेला रॉडचं टोक जरासं हललं, आणि पुढचे साडेतीन तास त्यांनी रॉड सोडला नाही, कारण दुसऱ्याचा हात लागला तर मासा आपला धरत नाहीत. आठवड्याने त्यांनी फोटो मोठा करून, चौकटीत घालून घरी आणून दिला. "ताई, मासा माझा, पण टाके तुमचे," म्हणाले. वहिनींनी आभार मानले. फोटोत मासा कुठला आणि मास्तर कुठले, हे त्यांना धड कळलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात दीर म्हणाले, "वहिनी, मला डोळे तपासायचेत. एकट्याने जायची भीती वाटते. चला ना सोबत."

वादळातून बोट घेऊन येणारा हा बाप्या! वहिनी हसल्या आणि निघाल्या. डॉक्टरांनी दिरांना पाच मिनिटांत मोकळं केलं. दीर उठले आणि त्याच खुर्चीवर त्यांनी वहिनींना बसवलं. "आलाच आहात तर तुमचेही बघून घेऊ."

मोतीबिंदू निघाला. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आठवड्याभराने दुसऱ्याचं.

शेवटची पट्टी निघाली त्या दिवशी घरी येऊन वहिनी पहिल्यांदा फोटोपाशी गेल्या. मास्तर दिसले, मासा दिसला, आणि माशाच्या तोंडाजवळ दोरीवर सरकून लटकलेलं माकूळही दिसलं. त्यावर त्यांचा पांढरा दोरा होता. टाके कुठेही भरकटलेले, निम्मे तर गळाला शिवलेलेच नव्हते. आणि त्या टाक्यांवरून जाड काळ्या दोऱ्याने, पोतं शिवावं तसं, पुन्हा शिवलेलं होतं. शेवटी गाठ होती ती बोट धक्क्याला बांधतात तसली.

वहिनी टेबलाशी येऊन बसल्या. मासे असतात तिथवर पोचायला बोटीला दीड तास लागतो. तेवढ्या वेळात, हलत्या बोटीवर, त्या जाडजूड बोटांनी! त्यांना घटकाभर लाज वाटली. मग मात्र इतकं भरून आलं की पदर डोळ्यांना लावावा लागला. डॉक्टरांनी डोळे चोळू नका म्हणून बजावलं होतं, तेही राहिलं. आपलं टेबल आपल्याकडे राहावं म्हणून एका माणसाने महिनोन्‌महिने बोटं टोचून घेतली होती, आणि वर तोंडाने खोटं कौतुकही केलं होतं. यातलं दुसरं काम त्यांना जास्त जड गेलं असणार.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर वहिनींनी पाच आमिषं शिवली आणि सकाळी दिरांपुढे ठेवली. दिरांनी एक उचललं, उलटंसुलटं केलं, अंगठ्याने ओढून पाहिलं. वहिनींचा जीव टांगणीला लागला होता. 'छान' म्हणाले तर संपलंच सगळं.

"टाके फार जवळ झालेत, वहिनी," दीर म्हणाले. "आणि शेपटाकडे चुणी आलीय."

वहिनींना हसू आवरेना. "भाऊजी, तुमचे उपकार—"

"काहीतरीच काय!" दिरांनी आमिषं डब्यात भरली. दारापर्यंत गेले, थांबले, परत आले. खिशातून काळ्या दोऱ्याचं रीळ आणि एक दाभण काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "हे तुमच्याकडेच असू दे. मला आता काय करायचंय?"