तळहाताखालचं पान

वाचणारा वाक्याच्या मध्यावर असतानाच कुमुदमावशी उघड्या पानावर तळहात ठेवायच्या. चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "चलो, आता पुस्तक विसर. काय झालं ते सांग." या हिंदी भाषक शहरातल्या विजय नगरात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नागपूरला. कॉलनीतल्या मराठी घरांतलं एकही पोर त्या तळहाताखालून सुटलं नव्हतं.

यंदा माझ्या ईराच्या शाळेनं पाचवीसाठी घरच्या भाषेतली वाचनपरीक्षा काढली. एक बालकादंबरी वाचायची, परीक्षकांपुढे त्यातला उतारा मोठ्यानं वाचायचा आणि मग सगळी गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. मी निवांत होते. हिंदीमुळे अक्षरं पोरीच्या ओळखीची, मराठी पान ती धडाधड वाचायची. तिच्या वाचनाचा व्हिडिओ मी अमरावतीला सासूबाईंना पाठवला आणि त्यांचं कौतुक ऐकून चांगली फुशारून गेले.

मावशींपुढेही तिनं पहिलं प्रकरण असंच न अडखळता वाचलं. आठवडी बाजारात गोपूची शेळी हरवते आणि तो तिला शोधायला निघतो, अशी गोष्ट. मध्येच तळहात पानावर आला.

"हा गोपू रडून काहून राहिला?"

ईरानं माझ्याकडे बघितलं. "मम्मी, दावं म्हणजे क्या होता है?"

शेळी बांधलेली दोरी रिकामी दिसली म्हणून तो रडत होता. सगळं प्रकरण त्या दोरीवर उभं, आणि पोरीला त्यातलं काही पोचलंच नव्हतं. माझे कान तापले. घरात आम्ही तिच्याशी हिंदीतच बोलतो, हे मावशींना भिंतीपलीकडून रोज ऐकू येत असणार. पण त्या मला काही बोलल्या नाहीत. "तोंड वाचून राहिलं, बाई. पोरगी दाराबाहेरच उभी आहे. तिला आत बोलावू," एवढंच म्हणाल्या.

मग रोज संध्याकाळी मावशींकडे बैठक. आधी ईरानं कालपर्यंतची गोष्ट सांगायची, मग पुढचं वाचायचं. ईरा शब्दाला अडली की मावशी म्हणायच्या, "हिंदी शब्द आला तर येऊ दे. तू थांबली तर गोपू तिथंच उभा राहील ना बिचारा." पोरगी खुलली. घरी भाजी निवडतानासुद्धा गोपू कुठवर पोचला असेल याची चर्चा करू लागली.

परीक्षा जवळ आली तसं मला एक खटकायला लागलं. मावशी रोज पार पहिल्यापासून विचारायच्या. गोपू कोण, शेळी कुठं गेली, बाजारात काय झालं? निम्मा वेळ त्यातच जायचा. सिव्हिल लाइन्समधल्या ऑफिसातून दमून आलेली मी एक दिवस बोललेच, "मावशी, रोज काय तेच ते? अशानं शेवट राहून जाईल."

मावशींचा चेहरा उतरला. "अच्छा? रोज विचारते का मी?"

"नाहीतर काय," म्हणून मी मोकळी झाले.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं प्रकरण त्यांनी स्वतः वाचायला घेतलं. गोपूला शेळी सापडते, पण ती असते त्या घरची आजारी मुलगी तिच्याच दुधावर उठून बसू लागलेली असते. गोपू रिकामं दावं घेऊन परत फिरतो. आवाज कुठं खाली आणायचा, कुठं थांबायचं, मावशींचं कुठंही चुकलं नाही. ईरा रंगून गेली आणि गमतीनं तिनंच आपला हात पानावर ठेवला. "चलो मावशी, पुस्तक विसरा! गोपूनं शेळी परत काहून नाही आणली?"

मावशी हसल्या. ते हसू तसंच ओठांवर राहिलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "कोणती शेळी ग?"

आम्हाला थट्टाच वाटली. मग त्या मान खाली घालून म्हणाल्या, "वाचता येऊन राहिलं मला. पान झाकलं की काही उरत नाही. म्हणून पोरीलाच विचारत होते रोज. शिक्षिका होती मी. कोणत्या तोंडानं सांगू कुणाला? शरम वाटते."

शरम त्यांना वाटत होती आणि मेले मी. पुढं काय झालं ते त्यांना खरंच ठाऊक नसायचं, आणि मी त्यांना घड्याळ दाखवत होते.

ईरानं हात काढला नाही. "सुनो ना मावशी. एक गोपू होता. त्याची एक बकरी... शेळी होती." तिनं सगळी गोष्ट सांगितली आणि मावशी "हं, मग?" म्हणत ऐकत राहिल्या.

परीक्षा छान झाली. पाठ केल्यासारखं वाटलं नाही, असं म्हणून परीक्षक बाईंनी माझं कौतुक केलं. मला तिथं उभं राहवेना.

दिवाळीनंतर मुलगा मावशींना कायमचं नागपूरला न्यायला आला. गाडीत बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "पोरीची परीक्षा कधी आहे?"

झाली की, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"उद्या," मी म्हटलं.

"मग घाई काहून करून राहिली? पहिल्यापासून सांग," असं म्हणत त्यांनी तळहात माझ्या हातावर ठेवला. मुलगा किल्ली घेऊन ताटकळला होता. मी गाडीच्या दाराशी खाली बसले आणि सुरुवात केली, "एक गोपू होता."