गुंजकाकांचा काटा

गुंजकाकांच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते आधी तिचं वजन सांगत, मग ती कशाला दिली ते विचारत. नया नगरच्या नाक्यावरचा भाजीवाला त्यांना लांबून येताना बघूनच तागडीत चार मिरच्या जास्त टाकायचा. कारण एकदा त्यांनी पिशवी तळहातावर झेलून म्हटलं होतं, "भैया, पाव किलो नहीं है. दो भेंडी तुम्हारे पास रह गयी." दोनच भेंड्या निघाल्या, असं ते सांगायचे. मी तेव्हा तिथे नव्हतो. पण माझी ऑफिसची बॅग त्यांनी जिन्यात उचलून "डबा आणि छत्री. कागद एकही नाही," असं चार शेजाऱ्यांसमोर जाहीर केलं, तेव्हा मी होतो. ते खरंच होतं.

गुंज म्हणजे सोनारांचं जुन्या काळातलं सगळ्यात लहान वजन, एक लाल-काळं बी. काकांच्या बोलण्यात ते सारखं यायचं. चहात साखर गुंजभर कमी, सोसायटीच्या सेक्रेटरीला अक्कल गुंजभर कमी. म्हणून हे नाव मी ठेवलं. चाळीस वर्षं त्यांनी मुंबईत एका पेढीवर दागिने घडवले. डोळे अधू झाल्यावर काम सोडलं आणि आमच्यासारखेच, मुंबईत जागा परवडेना म्हणून, मीरा रोडला हाटकेशच्या बाजूला राहायला आले. तळमजल्यावर एकटेच असायचे. बायको गेलेली, मुलगी नाशिकला दिलेली. वरच्या मजल्यावर मी आणि माझी बायको माधवी. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आमच्याकडे जुई आली.

जुई पाच महिन्यांची असताना दचकायला लागली. 'दचकणं' हा आमचाच शब्द. झोपेतून उठली की मान एकदम खाली पडायची, दोन्ही हात बाजूला फेकले जायचे. क्षणात संपायचं. मग पुन्हा, मग पुन्हा, असं ओळीने. घरातला वैद्यकीय तज्ज्ञ मी. 'गॅस' असं निदान करून मी तिला आठ दिवस ग्राइप वॉटर पाजलं. माधवीने दृष्ट काढली. काका एका सकाळी पेपर परत द्यायला वर आले, जुईकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, दचकायला आवाज लागतो. इथे कुठे काय वाजलं?"

त्याच दिवशी आम्ही डॉक्टर गाठला. पेपर परत द्यायला काका आठ दिवस आधी आले असते तर, असं पुढे मी मनात कितीदा तरी म्हटलं. म्हणजे माझ्या ग्राइप वॉटरचा दोषही त्यांच्या पेपरवर.

त्या फिट होत्या. तान्ह्या बाळांना होणारी एक वाईट जात. औषधं झाली, इंजेक्शनं झाली. इंजेक्शनांनी पोरीचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला, फिट जागच्या जागी. शेवटी मुंबईतल्या मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, "एक आहार आहे. मोठ्या मुलांना देतात. इतक्या लहान बाळांना आपल्याकडे फारसा कोणी दिलेला नाही. करून बघू." अंगाला साखर जवळजवळ मिळूच द्यायची नाही, सगळी ताकद स्निग्ध पदार्थांतून द्यायची. साय, तेल आणि दुधाची पावडर, तीही मोजून चिमूटभर, कारण तिच्यात साखर असते. त्याने काही मुलांचा मेंदू शांत होतो. का होतो, ते तेही नक्की सांगू शकत नव्हते.

"मला तूप सोडायला सांगता आणि सात महिन्यांच्या मुलीला तेल लिहून देता!" असा विनोद मी तिथे केला. कोणी हसलं नाही. डॉक्टर माधवीकडे बघत होते. "तुमचं दूध बंद करावं लागेल. आईचं दूध गोड असतं," ते म्हणाले.

आठ-दहा दिवस इस्पितळात काढून आम्ही घरी आलो. कागदावर सगळं ग्रॅममध्ये लिहिलेलं, आणि आमच्याकडे मोजायला होता चहाचा चमचा. काकांनी तो कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला, खाली गेले आणि लाकडी पेटीतला आपला काटा घेऊन आले. "सोनं गेलं माझ्या हातातून मणभर," ते म्हणाले, "पण लोणी-साय तोलायची वेळ येईल असं काही वाटलं नव्हतं."

रोज सकाळी साडेसहाला, आंघोळ करून, ते वर यायचे. आधी पंखा बंद. वाऱ्याने पारडं हलतं. मे महिन्याचे दिवस, मीरा रोडचा दमटपणा, आणि आम्ही तिघं घाम पुसत त्या दोन वाटीएवढ्या पारड्यांभोवती उभे.

"साहेब, श्वास तिकडे सोडा."

"काका, मी एवढ्या लांबून..."

"तुमचा श्वास दोन ग्रॅमचा आहे. तिकडे."

मग मी खिडकीकडे तोंड करून श्वास घ्यायचो. ऑफिसात कोणी विचारलं, सकाळी घरकामात मदत करता का, तर मी हो म्हणायचो.

भरवायचं काम माझं. कारण माधवी जवळ आली की जुईला वासाने कळायचं. बाटली थुंकून ती आईच्या पदराकडे तोंड न्यायची. माधवीचं दूध आटलेलं नव्हतं. छाती घट्ट बांधून ती गच्चीवर जाऊन उभी राहायची, आणि जुईचं रडणं गच्चीपर्यंत ऐकू जायचं. काका काटा पुसत बसायचे. एकदा म्हणाले, "पोर उपाशी आहे हो." मी कागद दाखवला. "कागदाला भूक नसते," एवढंच बोलून ते उठले.

पण गुण आला. तिच्या शूचा कापूस एका पट्टीवर दाबला की पट्टी जांभळी व्हायची. जांभळी म्हणजे आहार लागू आहे. पट्टी जांभळी होत गेली आणि फिट उतरत गेल्या. आधी मोजता यायच्या नाहीत, त्या दिवसाला चार-पाचवर आल्या. एका सकाळी जुई काकांच्या चष्म्याकडे बघून हसली. काकांनी चष्मा काढून पुन्हा घातला, ती पुन्हा हसली. त्या दिवशी पंखा लावायचाच राहिला.

मग पट्टी फिकी पडायला लागली. जांभळीची गुलाबी, गुलाबीची बदामी. फिट परत चढल्या. घरात तपास सुरू झाला आणि अर्थातच पहिला संशयित मी. "अहो, लाडू खाऊन हात धुतले होते ना?" धुतले होते. तापाचं सिरप फेकून दिलं, दंतमंजन कपाटात गेलं. डॉक्टरांनी विचारलं, "तोलतं कोण?" आम्ही दोघं अभिमानाने हसलो. "तिथे चूक होणं शक्यच नाही, डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी मी हे काकांना गंमत म्हणून सांगितलं. पंखा बंद होता. काकांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"साहेब, पावडर मी झुकती देतोय."

मला कळलंच नाही.

"लहान मुलीचं कानातलं घडवलं ना, की आमच्यात झुकतं माप द्यायचं. काटा सरळ ठेवायचा नाही, गिऱ्हाइकाकडे जरा उतरू द्यायचा. लेकीबाळीच्या वस्तूला सरळ काटा म्हणजे कद्रूपणा. ही तर उपाशी रडते. हाताला सरळ ठेवणं जमलं नाही. एक गुंज, फार तर दोन. मला वाटलं, एवढ्याने काय होतंय."

माधवी स्वयंपाकघराच्या दारात होती. ती ओरडली नाही. "काका, मी माझं दूध आवरलं. तुम्हाला चिमूटभर पावडर आवरली नाही?" आणि मग, "उद्यापासून नका येऊ."

मी मध्ये काहीतरी बोलायला हवं होतं. मी पंखा लावला.

काटा काका आमच्याकडेच ठेवून गेले. माधवी स्वतः तोलायला लागली, सरळ, सुईच्या टोकावर. पट्टी पुन्हा जांभळी झाली. फिट मात्र पहिल्यासारख्या उतरल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, "पावडरीमुळेच असं नाही म्हणता येणार. काही मुलांत सुरुवातीला गुण येतो आणि मग जातो." मी हे काकांना जिन्यात दोनदा सांगितलं. पेढीवर गिऱ्हाइकाची सबब ऐकावी तसं त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आज किती आल्या?" मी ऑफिसला निघालो की ते दारात उभे असायचे. एवढाच प्रश्न. मी आकडा सांगायचो, ते मान हलवून आत जायचे. वर मात्र कधी आले नाहीत. माधवी त्यांच्या दारावरून खाली बघत जायची.

वर्षभराने आम्ही तो आहार थांबवला. जुईचं वजन वाढत नव्हतं आणि फिट त्यांच्या मर्जीने येत-जात होत्या. त्याच सुमाराला काकांची मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. मी सामान टेम्पोत चढवायला मदत केली. माधवी खाली आली नाही.

नाशिकहून पोस्टकार्डं यायला लागली. अक्षर मोठं, वाकडं, आणि मजकूर एका ओळीचा. "किती?" मी खरे आकडे लिहायचो. नऊ. सात. अकरा. मला खोटं लिहायचं सुचायचं नाही असं नाही. कोणाला लिहितोय, ते आठवायचं.

मग एक कार्ड त्यांच्या मुलीच्या हातचं आलं. बाबा अंथरुणाला खिळले आहेत, फार बोलत नाहीत, जुईची खबर विचारतात. त्या सकाळी जुईला लागोपाठ तीन येऊन गेल्या होत्या आणि ती माझ्या मांडीवर दमून पडली होती. मी कार्डावर लिहिलं, "गेल्या आठ दिवसांत एकही नाही."

माधवीने कार्ड हातातून घेतलं. मला वाटलं फाडणार. तिने वाचलं, माझं पेन मागितलं आणि खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं, "काका, तुमच्या हातचं तिला लागू पडलं. माधवी."

पत्ता तिनेच लिहिला आणि चप्पल घालून स्वतः पेटीत टाकून आली. ते वेळेत पोचलं की नाही, हे आम्हाला कळलं नाही. त्यानंतर नाशिकहून काही आलं नाही, आणि विचारायचा धीर दोघांनाही झाला नाही.