पाच वाजताची गणपूर्ती

नागरिकशास्त्र हा विषय शाळेत कोणालाच नको असायचा, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. मी लग्न होऊन जळगावहून उज्जैनला आले आणि वर्षभरात मुलींच्या एका हिंदी शाळेत नोकरीला लागले. नव्या बाईला काय द्यायचं? द्या नागरिकशास्त्र. घ्यायला गेले तर विषय असा काही आवडला की विचारू नका. कायदा म्हणजे काय, नियम कोणी करायचे, मत कोणाला, हे सगळं मी इतक्या जोरात शिकवायची की शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाई येऊन दार लावून जायच्या.

नववीच्या वर्गात एकदा गणपूर्ती शिकवत होते. गणपूर्ती म्हणजे सभा खरी ठरायला कमीत कमी जितकी माणसं हजर लागतात ती. संसदेत एक दशांश, असं पुस्तकात दिलेलं. दुसऱ्या बाकावरची एक किडमिडीत पोरगी उठली. म्हणाली, "मैडम, और उतने लोग नहीं आए तो?"

मला आमच्या मराठी मंडळाचं उदाहरण आठवलं. राम घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मंडळाचं छोटं सभागृह होतं. तिथले सचिव माझे सासरे. दर वर्षीच्या सर्वसाधारण सभेची सूचना ते स्वतः लिहायचे: सभा सायंकाळी पाच वाजता, गणपूर्ती न झाल्यास तहकूब होऊन साडेपाच वाजता त्याच ठिकाणी होईल, त्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही. त्यामुळे पाच वाजता चिटपाखरूसुद्धा फिरकायचं नाही. सगळे साडेपाचला. खुद्द सचिव पाच वाजता नानाखेड्याला आमच्या घरी चहा पीत बसलेले असायचे. मी हे मुलींना सांगितलं आणि वर्गात हशा पिकला.

ती पोरगी मात्र हसली नाही. "पर मैडम, अगर सब पाँच बजे ही आ गए तो?"

"नहीं आते," मी म्हटलं. तास संपला. टेम्पोत बसले, घरी आले, भाजी चिरायला घेतली, तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

जाईना, कारण त्या वर्षीच्या सभेत काकूंचा निकाल लागायचा होता.

काकू म्हणजे मंडळाच्या बालवर्गाच्या काकू. यजमान रेल्वेत होते, ते गेले. मूलबाळ नाही. मंडळाच्या पुढच्या खोलीत त्या रोज सकाळी आमच्या गावातल्या पोरांना मराठी शिकवायच्या. उज्जैनची मराठी तुम्ही ऐकली नसेल तर सांगते: "आई, मी खेळून राहिलो ना, तू कशाला चिल्लावतेस?" अशी ती मराठी. मी नवी होते तेव्हा तोंडात पदर कोंबून हसायची. नंतर मीही तशीच बोलायला लागले. काकू त्या पोरांना ळ म्हणायला शिकवायच्या. पगार नाही, मानधन नाही. त्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला, आणि तेवढीच एक गोष्ट त्यांच्या दिवसात होती. एकदा मला म्हणाल्या, "अगं, ती खोली आहे म्हणून मी सकाळी आंघोळ करते. नाहीतर कोणासाठी करायची?"

आणि ती खोली कंप्युटर क्लासला द्यायचं घाटत होतं. ते दिवसच तसे होते. चौकाचौकात एसटीडीचे बूथ झाले होते, गच्चीगच्चीवर केबलच्या तारा, आणि जो उठेल तो कंप्युटर, कंप्युटर. अध्यक्ष म्हणायचे, "दुनिया कुठे चालली आहे आणि आपण ळ गिरवून राहिलोय!" ठरावाचा मसुदा तयार होता. माझे सासरेही त्याच बाजूचे. वाईट माणूस नव्हे हं, अजिबात नव्हे. कचेरीत सारी हयात गेली, कागदाला देव मानणारे. पण त्यांना मनापासून वाटायचं की पोरांचं भलं त्यातच आहे. मी जेवताना विषय काढला तर म्हणाले, "सूनबाई, भावनेवर संस्था चालत नाहीत. सभा ठरवेल ते खरं."

सभा ठरवेल! सभा म्हणजे कोण, तर साडेपाचला येणारे वीस-बावीस पुरुष, आणि त्यांच्यासाठी मागे कॉफी करणाऱ्या आम्ही. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी मी मामंजींच्या कपाटातून मंडळाची नियमावली काढली आणि उभ्या उभ्या वाचली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: प्रत्येक सभासद कुटुंबास एक मत; कुटुंबातील कोणतीही एक प्रौढ व्यक्ती हजेरीवहीत सही करून ते देऊ शकेल. कोणतीही! इतकी वर्षं हे वाक्य तिथे होतं आणि आम्ही मागे कॉफी उकळत होतो. गणपूर्तीला कुटुंबं हवी होती वीस.

मग काय, मी आणि सासूबाई घरोघर हिंडलो. हो, सासूबाई! मला वाटलं होतं त्यांना पटवायला आठ दिवस लागतील. मी नियम वाचून दाखवला. त्या गवार निवडत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे सही मी केली की यांना करता येणार नाही?"

"नाही, आई."

"मग मी येते," म्हणाल्या आणि पुढची शेंग मोडली.

प्रत्येक घरात आमचं एकच सांगणं: पाच म्हणजे पाच. साडेपाच नव्हे. आणि घरात बोलू नका. बायकांच्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्यांनी ते चार दिवस बघायला हवे होते. एका घरातूनसुद्धा बात फुटली नाही.

आता सभेच्या दिवशीची गोष्ट. रविवार होता. सासूबाई साडेतीनलाच "देवळात जाऊन येते" म्हणून बाहेर पडल्या. मी घरी होते. जेवणाच्या टेबलावर मामंजी इतिवृत्ताची वही घेऊन बसले होते. त्यांचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. इतक्या वर्षांत त्या वहीत एक खाडाखोड नाही, याचा त्यांना फार अभिमान. आणि त्यांची एक पद्धत होती: सभेचा पहिला परिच्छेद ते दुपारीच घरी लिहून ठेवायचे. "आज रोजी सायंकाळी पाच वाजता सभा सुरू झाली असता गणपूर्ती न झाल्याने ती तहकूब करण्यात आली व साडेपाच वाजता त्याच ठिकाणी पुन्हा सुरू झाली." दर वर्षी तेच व्हायचं, मग आधी लिहिलं तर बिघडतंय कुठे?

मी स्वयंपाकघराच्या दारातून ते वाक्य लिहिताना त्यांना पाहिलं. पूर्ण पाहिलं. टाक झटकून त्यांनी टिपकागद दाबला. मला म्हणाले, "चहा टाकतेस का गं?"

मी चहा टाकला. वर पोहेही केले, म्हणजे आणखी थोडा वेळ बसतील. मग "बाजारात जाऊन येते" म्हणून निघाले.

पाच वाजता हॉलमध्ये मला सोडून तेवीस घरांच्या तेवीस बायका होत्या. ठेवणीतल्या साड्या, कोणी पर्स घेतलेली, कोणी मुलाला कडेवर. सभागृहाची आणि कपाटाची किल्ली काकूंकडेच, त्यामुळे हजेरीवही आमच्या हातात. सासूबाईंनी पहिली सही केली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि त्या वहीत ती त्यांची पहिली सही. आडनाव त्यांनी चांगलं ठसठशीत काढलं. काकूंनी तेविसावी केली आणि म्हणाल्या, "हजेरी लावते, मत देणार नाही. माझ्याच खोलीचा निवाडा मी कसा करू?" हे तर मी पोरींना शिकवायची! अध्यक्ष हजर नसतील तर उपस्थितांनी आपल्यातून निवडावा, असाही नियम होता. आम्ही सर्वांत वयस्क आजींना खुर्चीवर बसवलं, सभा सुरू झाल्याचं त्यांनी जाहीर केलं, आणि आम्ही वाट बघत बसलो. ठराव पुरुषांमागे उरकायचा नाही, हे सासूबाईंनी आधीच बजावलं होतं.

सव्वापाचनंतर एकेक यायला लागले. दारातच थबकायचे. "अरे, तू इथे?" "घरी कुलूप आहे का मग?" एकाने बायकोला विचारलं, "चहाचं काय?" ती म्हणाली, "डब्यात साखर आहे." अध्यक्ष आले, मामंजी आले, काखेत वही. हजेरीवही पाहून अध्यक्षांचा चेहरा पडला. पण माणूस वकिली डोक्याचा. मामंजी पहिलं वाक्य दुपारीच लिहून आणतात हे त्यांना ठाऊक होतं. वहीकडे बोट केलं आणि म्हणाले, "वहीत बघा ना. पाचची सभा तहकूब झाल्याची नोंद आहे. लेखी नोंद आहे म्हटल्यावर या सह्यांना काही अर्थ नाही. नवी सभा, नव्या सह्या. चला, पुरुष मंडळी, या इकडे."

तेवढ्या एका वाक्यावर तेवीस सह्या पुसल्या जाणार होत्या, आणि काकू दाराशी किल्ली मुठीत धरून उभ्या होत्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी माझा हात दाबला.

मामंजींनी वही टेबलावर ठेवली. उघडली. आपलं दुपारचं वाक्य वाचलं. मग आमच्याकडे पाहिलं, एकेकीकडे, आणि शेवटी सासूबाईंकडे. त्या मान खाली न घालता बसल्या होत्या. मामंजी ठरावाच्या बाजूचे होते. नुसते गप्प बसले असते तरी त्यांची बाजू जिंकली असती. त्यांनी खिशातून पेन काढलं, पट्टी मागितली, आणि पट्टी ठेवून ते वाक्य सरळ रेषेत खोडलं. खाली काहीतरी लिहिलं, सही केली. मग म्हणाले, "पाच वाजता गणपूर्ती झाली होती. सभा चालू आहे, अध्यक्षमहाराज. आपण खुर्चीवर बसावं."

नंतर आलेल्या ज्या घरांची सही झाली नव्हती त्यांनी ती केली. हात वर झाले. ठराव सतरा विरुद्ध बावीस असा पडला. सचिवांना स्वतःला मत नव्हतं, ते त्यांच्या बायकोने दिलं होतं. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि खोलीतल्या पाट्या नीट लावायला गेल्या. मी तर हवेत होते! सोमवारी वर्गात त्या किडमिडीत पोरीला उभं केलं आणि सांगितलं, "आ गए सब पाँच बजे." तिने आणि अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, कायदा मी जिंकून दाखवला.

काकूंचा वर्ग त्यानंतर आठ वर्षं चालला, त्या अंथरुणाला खिळेपर्यंत. मामंजी माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "नियमावली जागेवर ठेवत जा," आणि विषय संपला. पुढच्या वर्षीपासून ते पाचला दहा कमी असतानाच हॉलवर असायचे, आणि वही कोरी असायची.

ते गेल्यावर मंडळाने सचिवपद मला दिलं आणि त्या वह्या घरातून माझ्या टेबलावर आल्या. तेव्हा मी ते पान पहिल्यांदा वाचलं. खोडलेल्या वाक्याखाली, त्याच छापल्यासारख्या अक्षरात, लिहिलं होतं: "सदर मजकूर सभेपूर्वी घरी लिहिला होता. तसे करणे गैर होते. चूक सर्वस्वी माझी."

सर्वस्वी! मी रडले, खोटं कशाला सांगू. मी दारात उभी राहून ते वाक्य लिहिताना त्यांना पाहिलं होतं. "मामंजी, आज थांबा, लिहू नका," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही, कारण त्यांना फजीत झालेलं बघायचं होतं मला. बत्तीस वर्षं पोरींना कायदा शिकवला आणि ही अर्धी चूक कोणाला सांगितली नाही. त्यांनी चहा मागितला, तर मी पोहेसुद्धा केले होते.