आत्याचा चौक

परवा भिजवलेले तांदूळ वाटताना आलेल्या कच्च्या वासाने मला थेट वीस वर्षांमागे, पनवेलजवळच्या आमच्या गावी, ताईच्या लग्नात नेऊन आदळलं. तेव्हा मी कलेच्या इतिहासात बी.ए. करत होतो, म्हणजे साक्षात जगद्गुरूच! आत्या तांदळाच्या पिठाने भिंतीवर लग्नाचा चौक काढत होती. भर पाहुण्यांत मी म्हणालो, "आत्या, डावी बाजू चुकली. प्रमाण बघ जरा."

सगळे खो खो हसले. आत्याने पिठात बुडवलेली काडी माझ्या हातात दिली.

"मी अडानी हाय. तूच काढ, सायेब."

मला एक रेघही धड जमली नाही. तिनेच चौक पुरा केला. पुढे गावात कितीतरी लग्नं झाली, बोलावणी आली, पण आत्याने पुन्हा भिंतीला हात लावला नाही. "नाय रं, माजं चुकतंय," म्हणायची.

मी बी.ए. पहिल्या वर्गात पास झालो.