निरोप्याने न सांगितलेलं

मृणालच्या नाटकात प्रेक्षकांसमोर कोणी मरायचं नाही. मरणारा आत जायचा, दार बंद व्हायचं आणि निरोप्या बाहेर येऊन आतलं सांगायचा. ही रीत तिने प्राचीन ग्रीक नाटकांतून घेतली होती. परदेशातल्या आमच्या उपनगरात, ग्लेन वेव्हर्लीत, तिच्या गॅरेजमध्ये आमच्या तालमी चालत. निरोप्या मी होतो. "विनय, हुंदके नकोत," ती म्हणायची. "पाहिलंस ते सांग. सगळं सांग."

नाटक तिनेच लिहिलं होतं. नवऱ्याने टाकलेली राणी सूडापोटी स्वतःच्या मुलाला मारते. राणी मृणालच व्हायची. कपडे वाळत घालतानाही ती संवाद म्हणायची आणि सहा वर्षांचा ईशान खालून चिमटे देत पुढची ओळ सांगायचा. चुकली की हसायचा. आई असं कधी करेल का, असं मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तिला सूड नको असतो रे. कोणीतरी ऐकायला हवं असतं. कोणी ऐकत नाही, मग ती आत जाते."

प्रयोगाआधीच तिचं लग्न मोडलं. तिचा नवरा शेखर माझा कॉलेजपासूनचा मित्र. ईशानच्या ताब्यासाठी त्याने कोर्टात द्यायला माझा जबाब मागितला. मला नाही म्हणवलं नाही. मी लिहिलं, की मुलासमोर ती म्हणाली, 'तुझ्या बापाला रडवायला मी तुला मारीन.' ती तालीम होती, आणि ती ओळ ईशाननेच तिला सांगितली होती, हे मी लिहिलं नाही.

ईशान बापाकडे गेला. तिला मिळाले एकाआड एक शनिवारचे दोन तास, तेही तिसरं माणूस समोर बसवून. ती आता काहीतरी करेल, अशी आमच्या नाटकमंडळींत कुजबुज होती. तिने काही केलं नाही. एकदाच माझ्या घरी आली, उंबऱ्याबाहेरच थांबली. "खोटं काही लिहिलं नाहीस तू," ती म्हणाली. "आतलं तेवढं राहिलं." पुन्हा तिने नाटक केलं नाही.

गेल्या वर्षी ती कॅन्सरने गेली. अंत्यविधीच्या हॉलबाहेर ईशान भेटला. आता युनिव्हर्सिटीत शिकतो. म्हणाला, "अंकल, आय रेड युअर स्टेटमेंट. वॉज इट ट्रू?"

मी सगळं सांगितलं. चिमटेसुद्धा. हुंदका येऊ दिला नाही.

तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग आईला ठेवलं होतं त्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. मी बाहेर उभा राहिलो.