तर्फाचा मणी आणि मुज्बिलचा पेला

फंदीचं डोकं विहिरीच्या काठावर दगडाने फोडलं ते दुसऱ्या टोळीतल्या मुज्बिलने. कारण काय, तर उंटांना पाणी आधी कुणी पाजायचं. फंदीची बायको तर्फा माझी चुलतवहिनी. वाळूत सांडलेला मेंदू तिने स्वतःच्या हातांनी गोळा केला आणि नवऱ्यासोबत पुरला. ती रडली नाही म्हणून आमच्या बायका म्हणाल्या, दगड आहे मेली. मला तेव्हाही त्यांचा राग आला होता, आजही येतो.

आमच्यात कॉफी भाजायची ती पुरुषांनी. पण फंदीला डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून त्यांच्या तंबूत पडद्याआड तर्फाच भाजायची. तिच्या गळ्यात अंबराचा, मधासारख्या तपकिरी रंगाचा एक मणी होता. दाणे तडतडले की एक फोडायची आणि आतला रंग मण्याशी लावून बघायची. जुळला की कढई लगेच खाली. दाणा फिका राहिला तर कॉफी गवतासारखी लागते, आणि काळा पडला तर तो पाहुण्यांचा अपमान. करपलेली कॉफी पुढे आली की पाहुणे उठून जातात आणि बैठक मोडते.

फंदीचा थोरला भाऊ दहाम याने सूडासाठी फंदीच्याच तंबूत बैठक बोलावली. तो कॉफीचा पेला उचलून मुज्बिलचं नाव घेणार, आणि तो पेला जो पिईल त्याने मुज्बिलला मारायचं किंवा स्वतः मरायचं, ही आमची रीत. पिणार कोण हेही सगळ्यांना ठाऊक होतं: फंदीचा एकुलता एक मुलगा शलाश. नुकतं मिसरूड फुटलेलं पोर! मुज्बिलने त्याला एका हाताने चिरला असता. दहाम स्वतः का जात नाही, हे विचारायची मात्र कुणाची छाती नव्हती.

पाहुणे बसले आणि पडद्याआडून करपल्याचा वास आला. दहाम आत घुसला, त्याच्या मागे मी. कढईत नुसता कोळसा.

"डोळे फुटले का गं तुझे?"

"हात थरथरला, भाऊजी."

"नवऱ्याला पुरताना नाही थरथरला तो?"

त्याने दाणे हलवायचा तापलेला लोखंडी उलथना उचलला आणि तिच्या गालावर दाबला. कातडी चरचरली. मी मधे पडलो, तर त्याने कोपराने माझा दात पाडला. मग तिच्या गळ्यातला मणी हिसडून घेतला आणि कढईशेजारी धरून बसला.

"भाज आता. रंग मी बघतो."

तिने भाजली. दाणा मण्याशी जुळला, कॉफी कुटली, उकळली, बैठकीत आली. दहामने पेला वर धरला.

"हा मुज्बिलचा पेला. कोण पितो?"

शलाश उठला. तेवढ्यात पडदा फाडून तर्फा पुरुषांच्या बैठकीत शिरली, पोराला ढकललं, दहामच्या हातातला पेला ओढला आणि कढत कॉफी एका घोटात पिऊन टाकली.

"रांडे!" दहामने खंजीर उपसला.

बैठकीतल्या सर्वांत म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं. "थांब. प्यायली ती. आता मुज्बिल तिचा. तिच्याआधी त्याला जो हात लावील, तो तिचा हक्क चोरील." मग तिला म्हणाला, "कधी मारणार, पोरी?"

"माझं मन होईल तेव्हा."

तिचं मन कधीच झालं नाही. मुज्बिल म्हातारा झाला आणि तापाने अंथरुणात मेला.

शलाशने मात्र फार सोसलं. एकदा विहिरीवर मारामारी करून ओठ फाटलेल्या अवस्थेत घरी आला आणि आईच्या त्या जळक्या गालावरच त्याने थप्पड मारली. ती चुलीपाशी कोसळली.

"तुझ्यामुळे पोरंटोरं हसतात मला! आईमागे लपलेला म्हणतात!"

तर्फा हात टेकून उठून बसली. तोंडातलं रक्त थुंकली.

"हसू देत," ती म्हणाली, "ऐकायला तू आहेस ना."